राय, डुकरं आणि आठवड्याचा कमांडर: पोल्ताव्याजवळच्या मकारेन्कोच्या शेती-वसाहतीची केस स्टडी

युक्रेनमध्ये पोरांसाठी शेतीशाळा खरोखर चालल्याचं एखादं उदाहरण सांगा म्हटलं की शिक्षणवाल्या मंडळींच्या तोंडी मकारेन्कोचं, म्हणजे 1920 च्या दशकात बेवारस पोरांची वसाहत चालवणाऱ्या सोविएत मास्तराचं, नाव येतंच, आणि आलं की पुढचं बोलणं ठरलेलं. एक गट म्हणतो त्याने पोराच्या थोबाडीत मारली म्हणून सगळे सरळ आले, दुसरा गट म्हणतो बिगुल, झेंडा, रांगा, म्हणजे लष्करी छावणीच की ती. शेतीबद्दल कोणीच एक अक्षर बोलत नाही. मला मात्र हे प्रकरण वाचताना कायम वाटत आलंय की तिथली शिस्त शेतीच्या कामातून आली, म्हणजे काम कोण सांगणार, किती दिवस सांगणार, आणि आज सांगणाऱ्याला उद्या कोण सांगणार हे त्यांनी ज्या पद्धतीने सोडवलं त्यातून आली. म्हणून इथे थप्पड येईल, बिगुल पण येईल, पण जास्त जागा शेणखत, डुकरं आणि आठवड्याच्या पाळ्यांना.

एक आधीच सांगून ठेवतो. या वसाहतीबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं मकारेन्कोने स्वतः लिहिलंय, 1933 ते 1935 मध्ये तीन भागांत छापून आलेल्या कादंबरीवजा पुस्तकात. माणसं खरी, पण नावं बदललेली, प्रसंग थोडे रंगवलेले. त्यामुळे जिथे गोष्ट फक्त त्याच्या तोंडची आहे तिथे मी तसं म्हणेन, आणि वाचणाऱ्याने पण तेवढं मीठ बाजूला ठेवून वाचावं. स्वतःच्या शाळेबद्दल हेडमास्तर लिहितो तेव्हा काय होतं हे काय आपल्याला नवीन नाही!

जागा कशी होती

साल 1920. पहिलं महायुद्ध, मग क्रांती, मग यादवी, या सगळ्यात पोल्तावा शहर इतक्या वेळा या हातातून त्या हातात गेलं की कुठल्या सरकारचा शिक्का चालतो हेच लोकांना कळत नव्हतं. रूबलला किंमत उरली नव्हती. आणि स्टेशनांवर, बाजारात, मालगाड्यांच्या खाली पोरंच पोरं, आईबाप मेलेली, हरवलेली, चोऱ्या करून जगणारी. या बेवारस पोरांचं करायचं काय हा नव्या सरकारपुढे मोठाच प्रश्न होता आणि उत्तर म्हणून जागोजागी मुलांच्या वसाहती काढल्या जात होत्या. बऱ्याच फसल्या.

अंतोन मकारेन्को तेव्हा बत्तीस वर्षांचा. जन्म 1888 चा, बिलोपिल्ल्याचा, बाप रेल्वेच्या वर्कशॉपात रंगारी. 1905 पासून हा रेल्वे शाळांमध्ये मास्तर, मग मध्येच नोकरी सोडून पोल्ताव्याच्या शिक्षक महाविद्यालयात शिकला आणि 1917 मध्ये सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. म्हणजे माणूस पुस्तकी नव्हता आणि अडाणी पण नव्हता. सप्टेंबर 1920 मध्ये प्रांताच्या शिक्षण खात्याने त्याला त्रिबी गावाजवळची जागा दिली, पोल्ताव्यापासून साधारण सहा किलोमीटर, पाइनच्या झाडीत, वाळूत.

वाळूत, हे लक्षात घ्या. पोल्तावा म्हणजे काळ्या कसदार जमिनीचा मुलूख, तिथले लोक जमिनीबद्दल बोलतात तेव्हा छाती फुगवून बोलतात, आणि शेतीची वसाहत काढायला यांना मिळाली पाइनखालची वाळू. क्रांतीआधी तिथे बालगुन्हेगारांची वसाहत होती, विटांच्या पाच इमारती उभ्या होत्या. पण मधल्या काळात आसपासच्या गावांनी तिथलं सगळं नेलं होतं. खिडक्यांच्या काचा, दारं, शेगड्यांच्या विटा सुद्धा. मकारेन्को लिहितो की फळबाग पण खणून नेली होती, झाडं मुळासकट. मला ही गोष्ट चोरीपेक्षा जास्त शेतकऱ्याची वाटते, मोकळ्या पडलेल्या जागेत चांगलं सफरचंदाचं झाड वाळत बघवत नाही त्याला.

माणसं किती? हेडमास्तर, एक म्हातारा भांडारप्रमुख, दोन शिक्षिका. डिसेंबरमध्ये पहिली सहा पोरं आली, वयाने मोठी, अठराच्या आसपास, काहींवर सशस्त्र दरोड्याचे गुन्हे. त्यांनी आल्या दिवसापासून या चौघांकडे असं बघितलं की जणू खोलीत कोणी नाहीच.

ती थप्पड

आता ती प्रसिद्ध थप्पड. हिवाळा, सरपण संपलेलं, पोरं जंगलात जायला तयार नाहीत, शेडच्या छपराची लाकडं फोडून जाळतायत. मकारेन्कोने एकाला लाकडं फोडायला सांगितलं, त्याने उद्धट उत्तर दिलं, आणि याचा तोल गेला, मारलं त्याला. त्याच्या सांगण्याप्रमाणे पोरं त्याच दिवशी कुऱ्हाडी घेऊन त्याच्यासोबत जंगलात गेली आणि लाकडं तोडली.

लोक इथेच थांबतात आणि म्हणतात बघा, चौदावं रत्न. पण पुढचं वाचायला पाहिजे ना. तो स्वतः याला पद्धत म्हणत नाही. शिवाय तो पोरगा त्याच्यापेक्षा उंच आणि अंगाने दणकट, हातात कुऱ्हाड येणार होती, आणि मास्तर एकटा, म्हणजे इथे ताकद दाखवण्यापेक्षा मास्तर जिवावर उदार झालाय हे पोरांना दिसलं. आणि मुख्य म्हणजे त्या थप्पडीने वसाहत सुधारली नाही! त्याच्याच लिखाणाप्रमाणे नंतरही चोऱ्या चालू राहिल्या, स्वतःच्याच भांडारातून, शेजारच्या तळघरांतून, पत्ते आणि जुगार चालू राहिला, एकदोघं तर रस्त्यावर लूटमार करायला जायचे. हे थप्पडीनंतरचं आहे. मग थप्पडीला श्रेय कसलं द्यायचं. मला विचाराल तर ती घटना या केसमधली सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात कमी कामाची गोष्ट.

जेवण म्हणजे कोंड्योर, वरीसारख्या बारीक धान्याची पातळ पेज, बाकी काही आलं तर आलं. कपडे नाहीत, बूट नाहीत. अशात शाळा कसली घेता.

पहिला खरा बदल मला दिसतो तो जंगलाच्या राखणीत. आसपासचे लोक सरकारी जंगल तोडून नेत होते, वसाहतीने राखणीचं काम अंगावर घेतलं, आणि मग रस्त्यावर लुटणाऱ्यांच्या विरुद्ध रात्रीची गस्त. म्हणजे कालचा चोर आज सरकारचा माणूस म्हणून झाडीत उभा, आणि खोटंखोटं नाही, खरोखरचं, हातात बंदूक, समोर खरा लाकूडचोर. पोरांना कळतं हो, खेळातली जबाबदारी कुठली आणि खरी कुठली ते.

याच जातीची दुसरी गोष्ट सेमेन कलाबालिनची. हा पोरगा तुरुंगातून आलेला, वसाहतीतून एकदा निघून गेलेला, परत आलेला. मकारेन्कोने त्याला घोडा देऊन एकट्याला शहरात पैसे आणायला पाठवलं, पुस्तकातले आकडे आधी पाचशे रूबल, मग दोन हजार. परत आला तर याने न मोजता पैसे खणात टाकले. पोरगाच चिडला, मोजत का नाही म्हणून. पुस्तकात याचं नाव वेगळं आहे, पण पुढे कलाबालिन स्वतःच मुलांच्या संस्था चालवणारा नावाजलेला माणूस झाला आणि ही आठवण तो सांगायचा. आता कोणी म्हणेल ही जुगारी चाल होती, पैसे घेऊन पळाला असता तर? असता. पण त्या पोराच्या मागे कोणी गुपचूप लावला नव्हता आणि आधीच्या गुन्ह्यांची फाइल उघडून बघितली नव्हती, आणि ही पुढे तिथली रीतच झाली, आलेल्या पोराचा भूतकाळ विचारायचा नाही. कुचकामी काळजीतून येणारे प्रश्नसुद्धा नाही.

कोवालिव्का

वाळूत शेती होईना म्हणून मकारेन्कोने जवळच कोलोमाक नदीकाठी, कोवालिव्का गावाला लागून असलेली त्रेप्के भावांची मोडकळीला आलेली जमीनदारी मागून घेतली. मालक निघून गेलेले, वाड्याचं छप्पर, फरशा, जे निघेल ते गावाने नेलेलं. गावाचा डोळा त्या जमिनीवर होता आणि नदीवरच्या गिरणीवर पण, त्यामुळे ही पोरं तिथे आली ते गावाला अजिबात आवडलं नाही. पोरंही काही संत नव्हती, टरबुजाच्या वाड्या आणि लोकांच्या तळघरातली सायीची मडकी त्यांना पाठ होती.

दुरुस्तीला काही वर्षं गेली. अर्धी पोरं इकडे, अर्धी तिकडे, रोज ये-जा, आणि पैसा तुकड्यातुकड्यांनी. मला वाटतं या रखडण्याचा फायदाच झाला. समोर एक घर आहे, ते आपल्याला मिळणार आहे, पण छप्पर आपण घातल्याशिवाय मिळणार नाही, हे पोरांना रोज दिसत होतं. तयार वाडा दिला असता तर त्यांनीही पहिल्या हिवाळ्यात त्याच्या खिडक्या जाळल्या असत्या.

लोहारकाम, सुतारकाम, चांभारकाम सुरू झालं ते आधी स्वतःच्या गरजेपुरतं. मग गावातले लोक घोड्यांना नाल मारायला, गाडी दुरुस्त करायला येऊ लागले. गावाशी दुश्मनी तिथून सैल व्हायला लागली. आणि नंतर नाटकांमुळे! शनिवारी पोरं नाटक करायची, गावकऱ्यांना फुकट, आणि लोक लांबून गाड्या जोडून यायचे. रेडिओ पोचला नव्हता त्या काळातली गोष्ट. नाटक बसवायचं म्हणजे वाचायला पाहिजे, पाठ करायला पाहिजे, पडदा शिवायला पाहिजे, थिएटरच्या खोलीला शेगडी पाहिजे. जो पोरगा वर्गात अक्षर लावायला तयार नाही तो नाटकातल्या कामासाठी लावायचा.

फेरे आल्यावर

माझ्या मते या प्रकरणाचा मध्यबिंदू इथे आहे आणि याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. काही वर्षांनी वसाहतीत निकोलाय फेरे नावाचा शेतीतज्ञ आला. पुस्तकात त्याच्या आडनावात एक अक्षर बदललंय, पण माणूस खरा, त्याने नंतर स्वतःच्या आठवणी पण लिहिल्या.

फेरे येईपर्यंत तिथली शेती म्हणजे मास्तर आणि भांडारप्रमुख यांच्या अंदाजाने चालणारी. पेरायचं म्हणून पेरायचं. घोडे कोणालाही कुठेही जायला जुंपले जायचे. हा आला तो शांत, कोरडा, आवाज न चढवणारा माणूस, पोरांना वाटलं हा काय चार दिवस टिकतोय. त्याने पिकांची फेरपालट आखली, कुठल्या तुकड्यात या वर्षी राय, पुढच्या वर्षी काय, कुठे खत, किती गाड्या. बियाणं निवडायला बसवलं. घोड्यांवर हिशोब आला, त्यावरून तबेला सांभाळणाऱ्या पोराशी खडाजंगी, कारण त्या पोराचा जीव घोड्यांवर आणि याचं लक्ष नांगरटीच्या दिवसांवर. कोण बरोबर? दोघंही, आणि असं भांडण होणं हीच मोठी गोष्ट, कारण आता भांडण जुगारावरून नव्हतं, घोडा किती तास चालला यावरून होतं.

राय म्हणजे गव्हाच्या नात्यातलं धान्य, काळी भाकरी होते त्याची. हिवाळी राय तिकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरतात, बर्फाखाली राहते, आणि जुलैत कापणी. एक आठवडा पेरणी चुकली तर वर्ष गेलं, मग मास्तर प्रेमळ आहे का कडक याने काही होत नाही. फेरेचा अधिकार हा असा होता. तो ‘माझं ऐका’ म्हणत नव्हता, तो सांगायचा की उद्या या तुकड्यावर इतकी माणसं लागतील, नाही आली तर हे होईल. आणि तसं व्हायचं! तीन महिन्यांत पोरांना कळलं की या माणसाला माहीत आहे. रस्त्यावर वाढलेल्या पोरांना उपदेश कळत नाही पण हुन्नर लगेच कळतो, खिसेकापू असला तरी त्याला चांगला हात आणि कच्चा हात यातला फरक कळतोच ना.

आपल्याकडे (आणि सगळीकडेच) शेतीशाळा काढतात तेव्हा आधी शिक्षक नेमतात आणि शेतीला एखादा गडी ठेवतात. इथे उलटं झालं. शेतीला खरा जाणकार मिळाला आणि शाळा त्याच्या वेळापत्रकाला बांधली गेली, अर्धा दिवस काम, अर्धा दिवस वर्ग.

डुकरं हा पण त्याचाच भाग. पांढरी इंग्लिश जात आणली, पैदास वाढवली, आणि डुकरखाना हा वसाहतीचा सगळ्यात कमावता विभाग झाला. का ते सोपं आहे, डुकरीण एका वेळी आठ-दहा पिल्लं देते, पैसा लवकर फिरतो. नदीवरची गिरणी पण वसाहतीने भाड्याने चालवायला मिळवली. गिरणीचा कोंडा डुकरांना, डुकरांचं खत शेताला, शेतातली राय गिरणीला. एवढं चक्र बसलं की मग वरून अनुदान उशिरा आलं तरी जेवण थांबत नाही. मला हे आर्थिक अंग फार महत्त्वाचं वाटतं, कारण जी संस्था पोरांना ‘स्वावलंबी व्हा’ शिकवते आणि स्वतः दर महिन्याला ग्रांटची वाट बघत बसते तिचं पोरं ऐकत नाहीत, त्यांना दिसतं सगळं.

आठवड्याचा कमांडर

आता तुकड्या. सुरुवातीला लाकडं आणायला जाणाऱ्या गटाला गंमतीत तुकडी म्हणायला लागले, यादवीच्या काळातल्या लढवय्या तुकड्यांसारखं, पोरांना ते नाव भारी आवडलं. पुढे कायमच्या तुकड्या झाल्या, दहा-पंधरा जणांच्या, कामानुसार, लोहारांची, तबेल्याची, डुकरखान्याची, असं. प्रत्येकाला एक कमांडर, आणि सगळ्या कमांडरांची मिळून सभा. नवा आलेला घ्यायचा कुठे, बूट पहिले कोणाला, चोरी केली त्याचं काय, सगळं तिथे.

इथपर्यंत ठीक, असे मॉनिटर प्रत्येक हॉस्टेलात असतात आणि वर्षभरात ते काय होतात हे हॉस्टेलात राहिलेल्या कोणालाही विचारा. दादा होतात. बाकीच्यांकडून कपडे धुऊन घेतात.

शेतीने यावर जो उपाय काढायला लावला तो म्हणजे मिश्र तुकडी. शेतीचं काम कायमच्या तुकड्यांत बसेना. बटाट्याची खुरपणी आली तर आज वीस माणसं पाहिजेत, परवा शून्य, बियाणं निवडायला चार, खत वाहायला बारा. लोहारांची तुकडी अख्खी तिकडे नेली तर लोहारशाळा बंद. म्हणून प्रत्येक तुकडीतून दोन-चार जण काढून एका कामापुरती तुकडी बनवायची, जास्तीत जास्त एक आठवड्याची, तिला वेगळा कमांडर, काम संपलं की तुकडी मोडली, कमांडर परत साधा पोरगा. काम ठरलेलं आणि मोजता येण्यासारखं, अमुक शेत, अमुक वाजेपर्यंत, संध्याकाळी येऊन रिपोर्ट द्यायचा.

ऐकायला आपल्या सावडीसारखं वाटतं, पण सावडीत आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी असा हिशोब असतो, इथे हिशोब हुकमाचा होता. कारण मेख अशी की कायमच्या तुकडीचा कमांडर मिश्र तुकडीत बहुतेक वेळा साधा सैनिक म्हणून जायचा. म्हणजे तबेल्याचा मोठा कमांडर या आठवड्यात बीट खुरपायला एका पंधरा वर्षांच्या पोराच्या हाताखाली. शनिवारी ते पोरगं परत त्याच्या हाताखाली. आता तू त्याला किती छळशील? आणि कमांडराला कामातून सुट्टी नाही, जास्तीचं जेवण नाही, काही नाही. म्हणजे पद आहे पण पदाचं लोणी नाही.

बघा, यात मास्तर कुठेच नाही. तो रोज सकाळी उठून कोणाला ओरडत नाहीये. फेरे कागदावर देतो उद्या काय लागेल, कमांडरांची सभा माणसं वाटते, मिश्र तुकडीचा कमांडर घेऊन जातो. पोरांपैकी जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हुकूम द्यायची पाळी येते, आणि ज्याने स्वतः उन्हात वीस जणांना कामाला लावायचा प्रयत्न केलाय तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या हाताखाली जरा कमी माज करतो. बिगुल होता, झेंडा होता, सलामी होती, मला व्यक्तिशः ते सगळं जरा जास्तच वाटतं, पण ते वरचं रंगकाम आहे. खालची भिंत ही आठवड्याची अदलाबदल.

मुली पण होत्या, संख्येने कमी, त्या कशा राहिल्या हे मुलांच्या गोष्टींएवढं तपशिलात येत नाही, आणि हे मला खटकतं. शाळेबद्दल एवढंच की निरक्षर आलेली पोरं तयार होऊन राबफाकला जायला लागली, म्हणजे कामगारांना विद्यापीठासाठी तयार करणारे जे वर्ग नव्या सरकारने काढले होते तिथे. एकाची निवड झाली की बाकीच्यांना वर्गात बसायचं कारण मिळायचं. वसाहतीला गोर्कीचं नाव दिलेलं होतं, तो लेखक स्वतः अनाथ वाढलेला म्हणून, आणि इटलीत सोरेन्तोला राहणाऱ्या गोर्कीशी 1925 पासून पत्रव्यवहार पण सुरू झाला, पोरं तुकडीतुकडीने पत्रं लिहायची.

कुर्याझ

1925-26 पर्यंत कोवालिव्का छान बसली होती, शेत, गुरं, फुलांच्या बागा, शे-सव्वाशे पोरं. आणि इथे मकारेन्को म्हणतो की आता वसाहत साचायला लागलीय, सगळं झालंय, पुढे करायचं काय. जागा बदलायची. आधी झापोरिझ्झ्याकडे वासिलिव्का इथल्या पोपोव जमीनदाराच्या गढीचा विचार झाला, ते फिसकटलं. मग खारकिवजवळचं कुर्याझ पुढे आलं, जुन्या मठात भरलेली वसाहत, 280 पोरं, बेशिस्त, उपाशी, अंगाला कपडा नाही, शेजारच्या पिद्वीर्की गावाला नकोशी झालेली.

शेती चांगली बसलेली असताना उचलून दुसरीकडे न्यायची, हा निर्णय मला आजही पूर्ण पटत नाही. मातीत घातलेलं खत बरोबर येत नाही. फेरपालटीचं चक्र पूर्ण व्हायला वर्षं लागतात. पण पोरं जुन्या शेतीसाठी होती का शेती पोरांसाठी, असं विचारलं तर त्याचं उत्तर स्पष्ट होतं, आणि कमांडरांची सभा पण त्याच्या बाजूने गेली.

मे 1926 मध्ये ते गेले. आधी एक छोटी तुकडी, मग सगळी वसाहत रेल्वेने, जनावरं, अवजारं, डुकरं सगळं घेऊन. संख्येने हे कमी, ते दुपटीहून जास्त. आगगाडीतून उतरून बँड वाजवत रांगेत चालत आले, कुर्याझची पोरं बघतच राहिली. लगेच सभा, मग केस कापले, अंघोळ, जुने कपडे जाळले, नवे दिले. तुकड्या मिश्र, कमांडर पोल्ताव्याचे. आणि दुसऱ्याच दिवसापासून शेत, कारण मे महिना चाललाय आणि तिकडे शेताची कामं राहून गेलेली. मला वाटतं इथे शेतीने वेळ दिला नाही हे बरंच झालं, पोरांना एकमेकांशी भांडायला सवड मिळाली असती तर 280 विरुद्ध 120 मध्ये काय झालं असतं ते दिसतंच आहे.

जुलैत रायीची पहिली पेंढी कापायचा सण केला. पाहुणे, पांढरे शर्ट, सगळ्यात चांगल्या कापणाऱ्याने पहिला हात मारला, पेंढी बांधून लहान पोराच्या हाती दिली. दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्याच जेवणघरातून पाव पळवणारी पोरं तिथे रांगेत उभी होती. हा प्रसंग मकारेन्कोने फार प्रेमाने रंगवलाय म्हणून थोडं वजा करा, पण कापणी वेळेवर झाली होती.

मग वरच्यांची खप्पामर्जी. शिक्षण खात्याला कमांडर, तुकड्या, शिक्षा, स्पर्धा, काही रुचत नव्हतं, हे सोविएत शिक्षणच नाही असा ठपका 1928 मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात कोमसोमोलच्या, म्हणजे कम्युनिस्ट तरुणांच्या संघटनेच्या, आठव्या अधिवेशनात लेनिनची विधवा क्रुप्स्काया हिने तिथल्या शिक्षांवर जाहीर टीका केली. टीका सगळीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही, एका माणसाला एवढे अधिकार असलेल्या बंद संस्थेवर बाहेरच्याने प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण खात्याकडे पर्याय म्हणून जे होतं ते म्हणजे 1926 आधीचं कुर्याझ. जुलै 1928 मध्ये गोर्की स्वतः कुर्याझला येऊन राहून गेला, आणि सप्टेंबरमध्ये मकारेन्को तिथून बाहेर.

त्याला जागा दिली गुप्त पोलीस खात्याने. खारकिवजवळ ज्झेरझिन्स्कीच्या, म्हणजे त्याच खात्याच्या संस्थापकाच्या, नावाची कम्यून, 1927 च्या अखेरीला उघडलेली, युक्रेनच्या चेका (हेच ते गुप्त पोलीस) कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेल्या पैशावर. तिथे शेती नव्हती. कारखाना होता, आधी लाकूडकाम, मग 1932 मध्ये विजेची ड्रिल मशीन, मग फेड नावाचे कॅमेरे. चांगला माल, चांगला नफा. आणि याच 1932-33 मध्ये युक्रेनच्या खेड्यांतून धान्य काढून नेलं जात होतं आणि लाखो शेतकरी उपाशी मरत होते, कोवालिव्कासारख्याच खेड्यांत, पोल्तावा आणि खारकिवच्या त्याच पट्ट्यात. शेतीतून पोरं उभी करणाऱ्या माणसाच्या छापील लिखाणात त्याबद्दल काही नाही, आणि पोलीस खात्याच्या संस्थेत बसून ते छापताही आलं नसतं. हे या केसचं सगळ्यात जड पान आहे, ते उलटून पुढे जाऊ नये.

मकारेन्को 1939 मध्ये मॉस्कोजवळ गोलित्सिनो स्टेशनात गाडीतच गेला. प्रश्न राहतो की हे सगळं त्याच्या एकट्याच्या जोरावर होतं का, तो नसता तर चाललं असतं का. यावर माझ्याकडे एकच ठोस पुरावा आहे आणि तो म्हणजे कलाबालिन, पैसे आणायला पाठवलेला तोच. त्याने आयुष्यभर हेच काम केलं, युद्धाच्या आधी आणि नंतर, शेवटी मॉस्को प्रदेशात येगोर्येव्स्कजवळ क्लेमेनोवोच्या बालगृहात, 1972 पर्यंत, बायको गालिनासोबत. म्हणजे पद्धत एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली हे नक्की. पण गेली ती तिथे राहिलेल्या, मिश्र तुकडीत खुरपं चालवलेल्या माणसाकडे. खात्याच्या परिपत्रकातून ती गेल्याचं एकही चांगलं उदाहरण मला तरी अजून सापडलेलं नाही, आणि सोविएत काळात त्याच्या नावाने परिपत्रकं काही कमी निघाली नव्हती.